रेवाने माफी मागायची नाही

रुस्ताक,
शुक्रवार, ६ नोव्हेंबर २०१५

चि. पूर्वा हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

मी इकडे खुशाल आहे. तुम्ही सगळे खुशाल असाल असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण ते मी आज लिहीत नाही. तुमच्या घरात रेवासारखी नऊ वर्षांची पोर दोन दिवस कोणाशी बोलत नाही, हे तूच काल फोनवर सांगितलंस. त्या घराला खुशाल म्हणण्याएवढा मी अजून म्हातारा झालेलो नाही.

आज दुकान बंद आहे. एकनाथ भाजीची गाडी घेऊन चार वाजता मस्कतला निघतो, त्याच्या हाती हे पत्र देतोय. घुब्र्याला तुमच्या बिल्डिंगखाली येऊन तो तुला फोन करील. त्याला वर बोलावून चहा दे. तो कोण म्हणून शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, तुम्हाला सवय आहे.

फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर तू रडायला लागतेस आणि मी लगेच "बरं, बरं, तू म्हणशील तसं" म्हणून मोकळा होतो. कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही.

तर आधी महत्त्वाचं. शाळेला द्यायचा म्हणून तू मोबाइलवर पाठवलेला इंग्रजी कागद मी शेजारच्या फार्मसीवाल्याकडून वाचून घेतला. पाच ओळींत चार वेळा 'टेलर' आहे. मी रुस्ताकचा टेलर, गिऱ्हाइकाच्या ऑर्डरप्रमाणे ड्रेस शिवून दिला, पट्टा माझ्याकडून चुकून गेला, या कुटुंबाशी माझा दुसरा काही संबंध नाही. आमच्या जावयाचं, प्रसादरावांचं, इंग्रजी चांगलं आहे हो. फार्मसीवाल्याने वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं आणि मोबाइल परत दिला. रेवाच्या बारशाचे पेढे त्याने खाल्लेत.

तरीही त्या कागदावर मी एक वेळ सही केली असती. खरं सांगतो, केली असती. पण नंतर तू फोन केलास आणि म्हणालीस, "बाबा, रेवाने पण सॉरी लेटर लिहायचंय."

मी विचारलं, कशाबद्दल?

"ती प्रिन्सिपलसमोर तुम्हाला आजोबा म्हणाली ना, त्याबद्दल. प्रसाद म्हणतो दोन व्हर्जन राहिली तर प्रॉब्लेम होईल. मी खोटं बोलले, सॉरी, एवढंच लिहायचंय. पण ती ऐकतच नाहीये. तुम्ही समजवा ना तिला, तुमचं ऐकते ती."

पूर्वा, हे वाक्य तू तोंडातून काढलंस कसं? त्या खोलीत आपण सहा माणसं होतो आणि खरं बोललं ते एकटं पोर. आता त्या पोराने खोटं बोलले म्हणून लिहून द्यायचं, आणि तिला ते पटवून द्यायचं कोणी? मी! अगं, थोडी तरी शरम!

जेवून आलो. राग तसाच आहे, पण आता क्रमाने लिहितो. तिकडे तू आणि प्रसादराव मिळून झाल्या गोष्टीला रोज नवं अस्तर लावताय, म्हणून जे झालं ते एकदा कागदावर असू दे.

गेल्या महिन्यात रेवा शुक्रवारी माझ्याकडे आली होती. तेव्हा मी तिला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. खोताची जमीन कशी कसली, अर्धा भात खोताच्या दारात नेऊन कसा ओतायचा, आणि मग कायदा झाल्यावर सातबाऱ्यावर नाव लागलं तेव्हा तो कागद वडील छातीशी धरून कसे झोपले. तिला 'खोत' कळेना, 'कूळ' कळेना. मी माझ्या मोडक्या हिंदी-इंग्रजीत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात फोनवर म्हणते, "आजोबा, आय फाउंड हिम! मेक्सिकोमध्ये एक माणूस होता, तो पण पणजोबांसारख्या लोकांसाठी फाइट करायचा. जमीन जो काम करतो त्याची. मी फॅन्सी ड्रेसला तोच होणार." एमिलियानो झपाटा. नाव ऐकून मी हसलो, तर ती चिडली.

तुमच्या घरात त्यावरून काय चाललं ते मला तिनेच सांगितलं. प्रसादराव म्हणाले, हा कोण, जजेसना तरी माहीत आहे का? चांगला कोणीतरी ओळखीचा घे. त्या वर्गात चार गांधीजी आणि तीन झाशीच्या राण्या होत्या, पाचवे गांधीजी चालले असते. पोरगी हटली नाही. मला केवढा अभिमान वाटला!

मग मी लागलो कामाला. पांढऱ्या सुती कापडाचा सदरा, बारीक पट्ट्यांची पँट, बाजूने शिलाई सोडलेलं आखूड जॅकेट. टोपी तर काय सांगू. इथे जेवण झाकायला खजुराच्या पात्यांचं उंच टोकदार झाकण मिळतं ना, ते सूकच्या बाजारातून आणलं आणि खाली चटईचा रुंद काठ जोडला. काळ्या लोकरीची मिशी केली. छातीवर फुली मारणारे काडतुसांचे दोन पट्टे हवे होते. एक मी रेक्झिनचा शिवला, लाकडाच्या कांड्या सोनेरी रंगवून त्यात बसवल्या. रेवा बघून म्हणाली, "छान आहे, पण टॉय वाटतोय."

त्या एका वाक्याने घात केला. आमचे अर्बाब, म्हणजे माझा व्हिसा ज्यांच्या नावावर आहे ते मालक, खलफान यांच्या घरी त्यांच्या आजोबांचा काडतुसांचा पट्टा भिंतीला लावलेला असतो. इथल्या म्हाताऱ्यांना त्याचं काय वाटतं ते तुला माहीत आहे, लग्नात आणि अठरा नोव्हेंबरच्या नॅशनल डेला कमरेला बांधून मिरवतात. मी त्यांना मागितला. नातीसाठी म्हटल्यावर त्यांनी विचार केला नाही. "यल्ला, ले जाओ रमण. सब खाली है. अठारा तारीख के पहले वापस." चाळीस काडतुसं होती, सगळी वाजवून झालेली, असं ते म्हणाले. असं त्यांना वाटत होतं.

आता माझी चूक. ती मी झाकत नाही. पट्टा जुना, चामडं वाळलेलं. काडतुसं काढायला गेलो तर खोबणी फाटतील, म्हणून मी ती काढलीच नाहीत. उलट पोरांनी ओढून काढू नयेत म्हणून वरून काळ्या कापडाची पट्टी घालून कच्चा टाका मारून टाकला. एकतीस वर्षं मी गिऱ्हाइकाचं कापड कातरण्याआधी उलटसुलट करून उजेडात बघतो. आणि नातीच्या छातीवर जे चढवायचं, ते न बघता शिवून टाकलं. त्यातलं एक जिवंत होतं.

याबद्दल प्रसादरावांनी चार लोकांत माझ्या थोबाडीत मारली असती, तरी मी हूं की चूं केलं नसतं. रात्रंदिवस तेच डोळ्यासमोर येतं. ती धावली असती, पडली असती. पुढे लिहवत नाही.

बुधवारी, फॅन्सी ड्रेसच्या दिवशी, मला शाळेत तू बोलावलं नव्हतंस. "बाबा, एवढ्या लांबून कशाला, आम्ही व्हिडिओ पाठवतो." बोलावलं रेवाने, कारण त्या पट्ट्याचा टाका तिच्या मापाने घालायचा होता आणि तो तुझ्याकडून झाला नसता. मी सकाळी सहाच्या टॅक्सीने निघालो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुई-दोरा खिशात होता. स्टेजमागच्या खोलीत तिला तयार केलं, मिशी लावली. आरशात बघून ती म्हणाली, "आजोबा, पणजोबा असे दिसायचे?" मी म्हटलं, मिशी थोडी कमी होती.

तेवढ्यात ते पीटीचे बाळकृष्ण सर आले. मिलिटरीतला माणूस. पट्ट्याकडे दुरून बघितलं, हसले, मग त्यांचं हसू गेलं. एक हात खालून लावून त्यांनी पट्टा उचलून बघितला. मग ब्लेड मागितलं. माझाच टाका त्यांनी माझ्यासमोर उसवला आणि ते एक काडतूस काढून तळहातावर ठेवलं. पुढचं शिसं जागेवर होतं. आवाज न चढवता ते मला म्हणाले, "काका, ये किसने दिया?" त्या माणसाने आरडाओरडा केला असता तर दोनशे पोरं घाबरून पळाली असती. त्याचे मी पाय धरायचे राहिलेत.

मग प्रिन्सिपलची खोली. त्या बाई, बाळकृष्ण सर, तुम्ही दोघं, मी आणि रेवा. रेवाला स्टेजवर जायला मिळालंच नाही, टोपी हातात, मिशी एका बाजूने सुटलेली. बाईंनी सरळ विचारलं, हे कोण? चुकीचं काही विचारलं नाही त्यांनी. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुझा नवरा म्हणाला, "ही इज अवर टेलर. फ्रॉम रुस्ताक."

मी तुझ्याकडे बघितलं. तू मोबाइलकडे बघत होतीस. मोबाइल बंद होता, पूर्वा. काळी काच बघत होतीस तू.

रेवा म्हणाली, "नो. ही इज माय आजोबा."

प्रसादराव हसले. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "शी कॉल्स हिम दॅट. बच्चे प्यार से बोलते हैं." मग बाईंनी माझ्याकडे बघितलं.

इथपर्यंत लिहून मी दोनदा उठलो. एकदा चहा केला, एकदा उगीच मशीनला तेल घातलं. कारण इथून पुढे मी तुम्हाला शिव्या देऊ शकत नाही.

बाईंनी विचारलं, "यू आर द टेलर?" आणि मी मान हलवली. "येस मॅडम, टेलर," म्हटलं. कोणी माझा गळा धरला नव्हता. मला वाटलं, आता काही बोललो तर प्रसादराव खोटे पडतील, तुझा संसार, पोरीची शाळा. असं सगळं मी मागाहून जुळवलं. तेव्हा असं काही मनात नव्हतं. टेबलापलीकडून साहेबाने विचारलं की मान हलवायची, एवढंच माझ्या मानेला येतं. रेवा माझ्याकडे बघत होती. तिने स्वतःच्या हाताने उरलेली मिशी ओढून काढली. वरचा ओठ लाल झाला.

नंतर पोलीस आले. तुम्ही रेवाला भूक लागली असेल म्हणून घरी गेलात, ते बरोबरच केलंत. मी ठाण्यात बाकावर बसलो होतो. पाणी दिलं, नीट बोलले. खलफानना फोन गेला आणि रुस्ताकहून तो सत्तरीचा माणूस दीड तासात गाडी मारत आला. दारातूनच सांगत आत शिरला. अरबी मला आता मराठीइतकीच कळते. पट्टा माझा, गोळी माझी, बघायला हवं होतं ते मी बघितलं नाही, आणि हा रमण माझा माणूस आहे. याला काही विचारायचं तर आधी मला विचारा. काडतूस पोलिसांनी ठेवून घेतलं, दोघांच्या सह्या घेतल्या, दोघांनाही चांगलं झापलं आणि सोडलं. येताना गाडीत खलफान म्हणाले, "बेटी किधर थी?" मी म्हटलं, घरी. त्यांनी वाटेत बरका गावी गाडी थांबवून मला चहा पाजला.

त्यांचा माझ्याशी संबंध व्हिसाच्या कागदावरचा आहे. तुझा काय आहे ते तू बघ.

आता जे लिहायचं नव्हतं ते. काल तुझा फोन ठेवल्यापासून ते मला सोडत नाही.

तू कणकवलीला पाचवीत होतीस. 'माझे बाबा' असा निबंध लिहिला होतास. माझे बाबा मस्कतजवळ रुस्ताक गावी शिंपी आहेत, ते अरबांचे लांब झगे शिवतात, त्यांच्या बोटाला सुईची भोकं आहेत. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि त्या डॉक्टरांच्या मुलीने तुला विचारलं, मग आमचे परकर शिवून देतील का? वर्ग हसला. तू रडत रडत मला पत्र लिहिलंस, निबंधाची वही फाडून सोबत पाठवलीस. वीस दिवसांनी ते माझ्या हातात पडलं. मी काय उत्तर पाठवलं, आठवतं? तुला आठवत असणार. "यापुढे बाबा कंपनीत सुपरवायझर आहेत असं सांगायचं. बाईंना सांग, निबंधात माझं चुकलं."

तू खरं लिहिलं होतंस आणि मी तुला चुकलं म्हणायला लावलं. दहा वर्षांची होतीस. मैनाने, तुझ्या आईने, मला तेव्हाच लिहिलं होतं की पोरीला असं शिकवू नका. मी तिलाच अक्कल शिकवली. पुढे लग्न ठरताना प्रसादरावांच्या वडिलांनी विचारलं, मस्कतला काय करता? तर मी छाती काढून सांगितलं, गारमेंट लाइनमध्ये. तू पदर सावरत खाली बघत होतीस. बुधवारी मोबाइलकडे बघत होतीस तशीच.

तेव्हा प्रसादराव जे बोलले ते त्यांच्या पदरचं नाही. त्यांना ते आपणच दिलं, म्हणजे मीच दिलं. याचा अर्थ त्यांना माफ केलं असा काढू नकोस. मस्कतला बदली होऊन आल्यावर त्यांनी माझं दुकान डोळ्यांनी बघितलं, पाच वर्षं माझ्याकडून शर्ट शिवून घेतले, एवढ्यात एकदा तरी ते चार लोकांत म्हणू शकले असते. मीही म्हणू शकलो असतो. तुमच्याकडे पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात जाऊन बसायचो, मला कोणी जा म्हणत नव्हतं.

पण हे माझ्यापाशी थांबायला हवं होतं. तुझ्यापाशी थांबलं नाही, निदान रेवाच्या आधी थांबू दे. तुला त्या वेळी 'चुकलं' म्हणायला लावलं, त्यानंतर तू मला कधी खरं पत्र लिहिलं नाहीस. 'मजेत आहे', 'अभ्यास चांगला चालला आहे'. वीस वर्षं. मला वाटायचं, पोर गुणी आहे, तक्रार करत नाही. काल रेवा दोन दिवस बोलत नाही म्हणालीस तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला.

तर नीट ऐक. विनंती नाही, सांगतोय.

रेवा सॉरी लिहिणार नाही. एक ओळ नाही, एक शब्द नाही. मी तिला समजावणार नाही आणि तुम्हीही दिवाळीच्या फटाक्यांचं, कपड्यांचं आमिष दाखवून तिच्याकडून लिहून घ्यायचं नाही. तसं केलंत तर तुमच्या दाराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. मैनालाही सांगेन का ते.

रविवारी शाळा उघडते. सात वाजता मी गेटपाशी असेन. खलफान स्वतः गाडीने सोडतो म्हणालेत. बाईंना मी सांगणार आहे की मी रेवाचा आजोबा, तुझा बाप, आणि शिंपी. पट्ट्याची चूक माझी, बुधवारी मान हलवली तेही खोटं माझं. हिंदीत सांगेन, चुकतमाकत सांगेन. त्यांना जो दंड करायचा तो मला करतील. शाळेत पाऊल टाकू नका म्हणतील, चालेल. रेवाचं नाव काढायचं म्हणाल्या, तर तिथेच बसून राहीन, पण ती शाळा गेली तरी पोरीला खोटी पाडणार नाही.

प्रसादरावांचं काय होईल, हे तू विचारशील. म्हणून तर आज पत्र पाठवतोय. विचार करायला शनिवार अख्खा तुमच्याकडे आहे. रविवारी मी तोंड उघडण्याआधी त्यांनी स्वतः सांगितलं तर घाबरून बोलून गेलो एवढंच त्यांना म्हणावं लागेल, माणूस घाबरतो, बाईंना कळेल. माझ्या नंतर सांगायला गेले तर जास्त कठीण जाईल. येत असाल तर गेटपाशी भेटू. मी थांबेन, पण सव्वासातपर्यंतच.

हे पत्र प्रसादरावांना दाखव. मग रेवाला जवळ घे आणि तिला मोठ्याने वाचून दाखव. तिचं मराठी कच्चं आहे, अडेल तिथे समजावून सांग. तुम्हा दोघांविषयी जे वाईट लिहिलं ते वगळलंस तरी चालेल. पण मी मान हलवली, आणि तुझ्या निबंधाचं, ते दोन्ही वाचायचं. तेव्हा तुला काय वाटलं होतं तेही तिला सांग. मला तू कधी सांगितलं नाहीस, तिला सांग.

राग आहे म्हणून आशीर्वाद थांबत नाहीत, ते आहेतच.

तुझा बाप,
रेवाचा आजोबा,
रमण, शिंपी
रुस्ताक